चिकन कापलेला चाकू, लोखंडी विळी आणि कलमाचा चाकू: पातं घरी निर्जंतुक कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडला राहणारं कुटुंब. घरात धारेचा एकच स्टीलचा चाकू आणि सासूबाईंच्या वेळची लोखंडी विळी. रविवारी चिकन कापायला तोच चाकू आणि रोज काकडी-टोमॅटो चिरायलाही तोच. घरात वर्षाचं बाळ आहे. साबणाने धुतलेला चाकू पुरेसा होतो का? गॅसवर तापवला तर? डेटॉलच्या पाण्यात बुडवला तर? विळीचं काय करायचं? आणि निफाडच्या मळ्यातला कलमाचा चाकू कधीमधी घरी येतो, तो फळं कापायला वापरावा का?

आधी उत्तर देतो. चाकू साबणाने नीट घासून वाहत्या पाण्याखाली धुवा. कच्चं मांस, मासे किंवा अंडं लागलं असेल तर त्यानंतर पातं एक मिनिट उकळत्या पाण्यात धरा. घरासाठी याहून सोपा आणि भरवशाचा उपाय नाही. ज्योतीवर तापवू नका, डेटॉल वापरू नका. विळीला उकळतं पाणी जमत नाही, तिला औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं अल्कोहोल. मळ्यातला चाकू मळ्यातच राहू द्या.

आता सविस्तर.

घासणं हे निम्म्याहून जास्त काम

बहुतेकांना औषधाची घाई असते आणि घासण्याचा कंटाळा. प्रत्यक्षात औषध असो की उष्णता, काम होतं ते स्वच्छ धातूवर. चिकनची चरबी पात्यावर पातळ थर धरून बसते आणि तिच्याखालच्या जंतूंपर्यंत पाणी पोहोचत नाही. क्लोरीनचं तर आणखी वाईट: रक्त, मांसाचे कण यांच्याशीच त्याची आधी रासायनिक क्रिया होते आणि जंतूंसाठी ते उरतच नाही. म्हणून मळकट चाकू क्लोरीनच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवला तरी फायदा शून्य, उलट पातं गंजतं.

चाकू वापरून झाल्या झाल्या धुवा. रक्त आणि अंडं वाळलं की निघायला तिप्पट वेळ लागतो. पहिलं पाणी साधं किंवा कोमट असू द्या. इथे बरेच जण चुकतात: आधीच उकळतं पाणी ओततात. त्याने रक्तातली प्रथिनं शिजून स्टीलला चिकटतात, अगदी दुधाचं पातेलं करपल्यासारखी, आणि मग घासणीलाही दाद देत नाहीत. उकळतं पाणी शेवटी.

भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब ओल्या घासणीवर घ्या. चाकू सपाट ओट्यावर किंवा सिंकच्या कडेवर आडवा ठेवा, एका हाताने मूठ धरा आणि घासणी नेहमी पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्या. धारेच्या बाजूने लांबीत घासणी ओढली तर घासणी कापते आणि पाठोपाठ बोटही. एक बाजू झाली की चाकू उलटा. तारेची घासणी पात्याला लावू नका. तिने बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी चरबी त्यातच अडकते. चाकू फेसाच्या पाण्यात बुडवून सिंकमध्ये सोडून देऊ नका. फेसाखाली पातं दिसत नाही आणि पुढचा माणूस भांडी काढायला त्यात हात घालतो.

चाकू जिथे खरोखर अस्वच्छ राहतो ती जागा म्हणजे मूठ आणि पातं यांचा सांधा. पातं चकचकीत दिसतं, पण त्या फटीत आणि मुठीच्या खिळ्यांभोवती काळपट चिकट रेघ असते. चाकू उजेडात धरा, अंगठ्याचं नख त्या रेघेवरून फिरवा. नखाला काही लागलं तर ती जागा धुतलीच गेली नव्हती असं समजा. धुतल्यावरही चाकूला येणारा वास बहुतेक वेळा इथूनच येतो. जुना टूथब्रश फक्त या कामासाठी बाजूला ठेवा, त्यावर लिक्विडचा थेंब घ्या आणि सांधा चारही बाजूंनी घासा. लाकडी मूठ तडकली असेल आणि पातं हलत असेल, तर तो चाकू कच्च्या मांसासाठी वापरणं बंद करा. ती फट कोणत्याही उपायाने स्वच्छ राहत नाही.

घासणीचंही तसंच आहे. आठवडाभर ओली पडलेली स्पंजची घासणी चाकूपेक्षा घाण असते. मांसाच्या चाकूसाठी वेगळी घासणी ठेवा, वापरल्यावर पिळून उन्हात टाका, वास यायला लागला की फेकून द्या.

उकळत्या पाण्याची पद्धत

हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी हाताने निर्जंतुक करण्यासाठी 77 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 सेकंद हा मान्य हिशोब आहे. कत्तलखान्यात सुऱ्यांसाठी 82 अंशांचं पाणी ठेवतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी 100 नाही, 98 अंशांच्या आसपास उकळतं. तेही या दोन्ही आकड्यांच्या कितीतरी वर आहे. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय हे चिकन-मटणातले नेहमीचे जंतू या तापमानाला काही सेकंदांत मरतात.

पसरट पातेल्यात पात्याची रुंदी पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, सहसा दीड लिटर पुरतं. खळखळून उकळी आली की आच मंद करा, पातं तिरपं आत सोडा आणि मूठ बाहेर धरा. मनात साठपर्यंत मोजा. सांधाही पाण्यात गेला पाहिजे, फक्त टोक बुडवून उपयोग नाही. वाफ हातावर येते, म्हणून चिमट्याने किंवा जाड कोरड्या फडक्याने धरा. संपूर्ण चाकू पातेल्यात टाकून उकळू नका: लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते, तडकते, स्वस्त प्लास्टिकची मूठ मऊ पडून सैल होते. शिवाय उकळत्या पाण्यात पातं पातेल्यावर आपटत राहतं आणि धार बोथट होते.

पातेलं नको असेल तर उभट स्टीलचा डबा सिंकमध्ये ठेवा, आधी गरम पाण्याने विसळून तापवून घ्या आणि मग त्यात किटलीतलं उकळतं पाणी काठापर्यंत भरा. लिटरभर तरी पाणी हवं. पातं त्यात उभं दोन मिनिटं. थंड डब्यात पाणी ओतलं तर ते लगेच निवतं, म्हणून डबा तापवायची पायरी गाळू नका. आणि किटलीने चाकूवर वरून धार सोडणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. तीन-चार सेकंदांत पाणी वाहून जातं.

उकळत्या पाण्याने चाकूची धार किंवा कडकपणा जातो असं पुष्कळ जण मानतात. तसं होत नाही. पात्याचं पोलाद कारखान्यात कडक करून नंतर साधारण 150 ते 200 अंशांवर पुन्हा तापवलेलं असतं. 98 अंशांचं पाणी त्याच्या वाटेला जात नाही.

बाहेर काढल्यावर पातं गरम असतं, त्यामुळे झटकून उभं केलं की मिनिटभरात आपोआप वाळतं. इथे ओट्याचं फडकं लावलं की केलेलं सगळं पाण्यात. सकाळपासून त्याच फडक्याने ओटा, हात आणि ताटं पुसलेली असतात. पुसायचंच असेल तर कागदी नॅपकिन. आणि ज्या बोर्डावर चिकन कापलं तोही घासून त्याच उकळत्या पाण्याने दोन्ही बाजूंनी न्हाणा. नाहीतर निर्जंतुक चाकू पहिल्याच काकडीला पुन्हा तिथे टेकतो.

क्लोरीन वापरायचं तर

गॅस संपलाय, किंवा मूठ उकळत्या पाण्याजवळ नेण्यासारखी नाही, अशा वेळी क्लोरीन चालतं. कपड्यांसाठीचं पांढरं ब्लीच आपल्याकडे सहसा 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं मिळतं. त्याचे 5 मिली, म्हणजे औषधाच्या बाटलीच्या टोपणावरची 5 मिलीची खूण, 1 लिटर साध्या पाण्यात. हे झालं 200 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 200 भाग. अन्नाला लागणाऱ्या वस्तूंसाठी एवढंच पुरे. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, पातं मात्र लवकर खराब होतं. बाटलीवरची टक्केवारी आणि तारीख बघा. हायपोक्लोराइट उन्हाळ्यात घरातल्या घरात कमजोर पडतं. एप्रिल-मेमध्ये खिडकीत ठेवलेली जुनी बाटली असेल तर तिच्यावर विसंबू नका. सुगंधी किंवा घट्ट प्रकार नको.

स्वच्छ घासलेलं पातं या पाण्यात 2 मिनिटं, मग पिण्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं. पाणी गरम घेऊ नका, क्लोरीन उडून जातं. द्रावण त्या दिवशीच वापरा, संध्याकाळी ओतून द्या. प्लास्टिकचं किंवा काचेचं भांडं घ्या, ॲल्युमिनियमचं नाही.

ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो माणसाला दवाखान्यात पोहोचवतो. चाकूवर आधी लिंबू घासून तो तसाच ब्लीचमध्ये टाकणं हीही तीच चूक, फक्त लहान प्रमाणात.

"स्टेनलेस आहे ना, मग गंज कसा?" याचंही कारण इथेच सांगतो. डब्यांचं स्टील आणि चाकूचं स्टील वेगळं असतं. डब्याच्या चांगल्या स्टीलमध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, पण ते धार धरण्याइतकं कडक होत नाही. चाकूसाठी कार्बन जास्त आणि क्रोमियम साधारण 13 टक्के असलेलं पोलाद घेतात. ते कडक होतं, मात्र मीठ आणि क्लोरीन यांपुढे टिकत नाही. घरचं चुंबक लावून बघा: चाकूला चिकटेल, चांगल्या डब्याला जवळजवळ नाही. क्लोरीनमध्ये विसरलेल्या चाकूवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी खड्डे पडतात. ते घासून जात नाहीत आणि घाण धरून ठेवतात.

काय करू नये

गॅसच्या ज्योतीवर चाकू धरणं ही सर्वात जास्त आढळणारी चूक. धार इतकी पातळ असते की ती काही सेकंदांत दोनशे-तीनशे अंशांच्या वर जाते. आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. निळा दिसला की त्या भागाचं पोलाद मऊ पडलेलं असतं. तो चाकू पुन्हा पुन्हा बोथट होतो आणि धारवाल्याने कितीही चाकावर धरला तरी धार टिकत नाही. एवढं करून सांध्याजवळचा भाग थंडच राहतो, म्हणजे जिथे घाण असते तिथे काहीच होत नाही.

डेटॉल हे त्वचेसाठी आहे. त्यातलं क्लोरोझायलेनॉल पोटात जाण्यासाठी नाही, त्याचा वास आणि तेलकट अंश पात्यावर राहतो. सॅव्हलॉन, फिनेल यांचंही तेच. हाताला लावायचं जेल सॅनिटायझरही नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं. मीठ, हळद, लिंबू यांनी वास जातो, डाग जातात, थोडे जंतूही कमी होतात. पण कच्च्या चिकननंतर बाळाचं सफरचंद कापायचं असेल तर त्यांवर भरवसा ठेवू नये.

आणखी एक. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून चाकू आला की तो तसाच वापरू नका. चाकाची रेती आणि पोलादाचा काळा चुरा धारेवर असतो. पांढऱ्या कागदी नॅपकिनने पाठीकडून धारेकडे पुसून बघा, करडा डाग उमटेल. डाग उमटायचा थांबेपर्यंत पुसा, मग साबणाने धुवा.

लोखंडी विळी

विळीचं पातं पाटात ठोकलेलं, त्यामुळे बुडवणं शक्य नाही आणि पाटावर उकळतं पाणी ओतत राहिलं तर लाकूड फाटतं. शिवाय हे साधं पोलाद. ओलं राहिलं की अर्ध्या तासात तांबूस होतं, पावसाळ्यात तर डोळ्यांदेखत. तिला क्लोरीन अजिबात लावायचं नाही.

विळी भिंतीकडे तोंड करून ठेवा, लांब दांड्याच्या ब्रशने साबण लावून पाठीकडून धारेकडे घासा, खवणीचे दाते ब्रशने उलटसुलट. दात्यांच्या मुळाशी अडकलेलं खोबरं लगेच काढा, ते खवट होऊन बुरशी धरतं. ओल्या कागदाने साबण पुसा, कोरडं करा. मग औषधाच्या दुकानात मिळणारं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कागदी नॅपकिनवर घेऊन दोन्ही बाजू ओल्या करा. किमान 30 सेकंद ओलं राहिलं पाहिजे. लवकर उडालं तर पुन्हा लावा. 99 टक्क्यांचं घेतलं तर जास्त चांगलं असं वाटतं, पण ते क्षणात उडतं आणि जंतूंची प्रथिनं मोडायला जे पाणी लागतं ते त्यात नसतं. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट किंवा थिनर आणू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं. शेगडी बंद करूनच हे काम करा, आणि पूर्ण उडाल्यावर पातं पिण्याच्या पाण्याने ओल्या केलेल्या कागदाने पुसून लगेच कोरडं करा.

शेवटी तेलाचा हलका हात. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल काही दिवसांत चिकट होतं. खोबरेल टिकतं, पण थंडीत गोठतं, आणि निफाडकडची थंडी तर सगळ्यांना माहीत आहे. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन यासाठी उत्तम: वास नाही, चिकटपणा नाही, खवट होत नाही. दोन थेंब पुरतात.

कैरी, चिंच, कांदा चिरून पातं काळं-निळसर पडतं, त्याची काळजी करू नका. तो थर लोखंडाला थोडंफार राखतोच. तांबडा, बोटाला लागणारा गंज मात्र काढायचा: लिंबाची फोड आणि थोडा खाण्याचा सोडा, बारीक घासणी, मग साबण, मग कोरडं. मांस-मच्छीची विळी वेगळी ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. ती जरूर पाळा. तुमच्याकडे विळी एकच आहे, तर ती भाजी-खोबऱ्यासाठी राहू द्या आणि चिकन चाकूवर. कारण अल्कोहोलने सगळे जंतू मरत नाहीत. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर ते कमजोर पडतं. घरात कोणाला उलट्या-जुलाब असतील तेव्हा विळी बाजूला ठेवून चाकूच वापरा आणि तो रोज उकळत्या पाण्यात धरा.

रोज एवढं करायचं का?

नाही. कांदा-बटाट्याला साबण आणि पाणी पुरेसं आहे. कच्चं मांस, मासे, अंडं, घरात आजारी माणूस, गरोदर बाई, तान्हं बाळ, किंवा चाकू मोरीत पडला, एवढ्या वेळी उकळतं पाणी. क्रमानेही अर्धं काम होतं: आधी कोशिंबीर आणि फळं चिरून झाकून ठेवा, चिकन सगळ्यात शेवटी. आणि चिकन नळाखाली धुऊ नका, त्याचे शिंतोडे धुतलेल्या भांड्यांवर उडतात. तुमच्यासारख्या घराला माझा सल्ला मात्र वेगळाच आहे: दुसरा लहान चाकू घ्या, वेगळ्या रंगाच्या मुठीचा, फक्त बाळाच्या फळांसाठी.

उकळून काढलेला चाकू स्वयंपाकाला निर्जंतुक आहे, जखमेला नाही. बीजाणू नावाचा काही जंतूंचा कडक प्रकार उकळत्या पाण्यातही टिकतो आणि धनुर्वाताचा जंतू त्यातलाच. त्यामुळे चाकूच्या टोकाने काटा काढणं, गळू फोडणं नको. औषधाच्या दुकानातली पाकीटबंद सुई घ्या किंवा डॉक्टरांकडे जा. धनुर्वात गंजाने होत नाही, माती आणि शेणातल्या बीजाणूंनी होतो. मातीतल्या कोयत्याने कापलं असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

मळ्यातला चाकू

कलमाच्या चाकूला आणि छाटणीच्या कात्रीला निर्जंतुक करण्याचा हेतूच वेगळा. तिथे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये हे बघायचं. डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावर पाचर कलम करताना प्रत्येक काही काड्यांनंतर पातं 70 टक्के अल्कोहोलने पुसतात, कारण क्लोरीनने धार जाते आणि खडबडीत धारेने कलमाचा काप नीट बसत नाही. कसमादेकडे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) डाळिंबावरच्या तेल्या या जिवाणूंच्या रोगासाठी कात्र्या 1 टक्क्याच्या हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात: 4 टक्क्यांचा 1 भाग, पाणी 3 भाग. दोन कात्र्या ठेवायच्या, एक चालू असताना दुसरी द्रावणात. हे द्रावण स्वयंपाकघरातल्या प्रमाणाच्या पन्नासपट तीव्र आहे, म्हणून संध्याकाळी कात्री धुऊन, वाळवून, तेल लावल्याशिवाय ठेवायची नाही.

तुमच्या प्रश्नातला खरा धोका जंतूंचा नाहीच. द्राक्षबागेत वर्षभर बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं फवारली जातात, आणि त्या चाकूच्या मुठीत, बिजागरीत त्यांचा अंश मुरलेला असतो. उकळल्याने जंतू मरतात. फवारणीच्या औषधाचं सगळंच निघून जाईल असं धरून चालता येत नाही. कलमाच्या चाकूच्या मुठीवर लाल चिकटपट्टीचे दोन वेढे द्या आणि तो फवारणीच्या पंपाजवळच टांगा, म्हणजे घाईत कोणी तो उचलून पेरू कापायला घेणार नाही.